इंदूरला एक रात्र ठेवा, पण झोपण्यासाठी नको

महाराष्ट्रातले पाहुणे उज्जैन-ओंकारेश्वरला निघतात आणि इंदूरला फक्त पाठ टेकतात. मी मूळची धुळ्याची, लग्नानंतर इंदूरकर झाले. माहेरच्या सगळ्यांना माझा एकच आग्रह असतो: एक संध्याकाळ आणि एक सकाळ या शहराला द्याच.

मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस सोयीची, संध्याकाळी बसलात की सकाळी इंदूर. पुण्याहूनही थेट गाडी आहे. नाशिक-धुळेकरांनी मुंबई-आग्रा रस्ता धरावा, सेंधव्यावरून खलघाटला नर्मदा ओलांडून. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. आम्ही धुळ्याची माणसं त्याची वाट बघतोय. मेट्रो २०२५ मध्ये सुरू झाली, पण सुरुवातीला ती सुपर कॉरिडॉर या शहराच्या कडेच्या रस्त्याच्याच बाजूला होती. फिरायला रिक्षा बरी.

खोली राजवाड्यापासून जवळ बघा. उन्हं उतरायच्या आत हा होळकरांचा राजवाडा गाठा. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याचा मोठा भाग जळाला होता, नंतर पुन्हा उभा केला. तिथून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपर्यंत जा. कापड घ्यायचं असेल तर महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट याच भागात आहे. माहेश्वरी साडी मात्र इथे घेऊ नका, महेश्वरलाच विणकरांकडे जाऊन घ्या.

सराफ्यात घाईने जाऊ नका. सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. दहाच्या आधी रंग चढत नाही. दुपारचं जेवण हलकं ठेवा आणि चौघांत एकेक प्लेट घ्या, नाहीतर तिसऱ्याच गाडीवर पोट भरतं. भुट्टे का कीस आधी खा: किसलेला मका दुधात शिजवलेला, सौम्य. हिवाळा असेल तर गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, सोडू नका. शिकंजी मागितलीत तर लिंबूपाणी येणार नाही, आटवलेल्या दुधाचं घट्ट पेय येईल. ते शेवटी घ्या.

आज इथला पैसा पिथमपूरचे वाहन कारखाने, सोयाबीन, व्यापार आणि आयटी यांतून येतो. पण इंदूर घडवलं कापड गिरण्यांनी. हुकुमचंद मिल १९९१-९२ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल २०२३ मध्ये लागला. गिरण्या गेल्या, तरी त्यांच्या नावाच्या झांक्या अनंत चतुर्दशीच्या रात्री आजही निघतात. रोषणाईचे ते चित्ररथ बघायला लोक रात्रभर रस्त्यावर असतात. तारीख तुमच्या हातात असेल तर तीच निवडा. दुसरी तारीख रंगपंचमीची: राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, टँकरमधून रंग उडतो. जुने कपडे घाला, फोन खोलीवर ठेवा, लहान मुलांना गच्चीवरूनच दाखवा.

रस्त्यावर कागद टाकू नका, डबा जवळच सापडेल. स्वच्छतेचा पहिला नंबर इथल्या माणसांनी २०१७ पासून मनावर घेतलाय, कुणीतरी नक्की टोकेल.

सकाळी पोहे-जिलेबी. पोहे वाफेवर ठेवलेले असतात, वरून शेव आणि जिरावन हा इथला चटपटीत मसाला. जिरावनाची पुडी घरासाठी आत्ताच घ्या. उज्जैन इथून ५५ किलोमीटर, नाश्ता करून निघालात तरी दुपारच्या आत पोचाल.