गावासाठी पैसे मागायला निघण्यापूर्वी

गोव्यातल्या साखळीच्या सरकारी महाविद्यालयातून बी.कॉम. झाले तेव्हा बरोबरीच्या बहुतेक मुली वेर्ण्याला नाहीतर पणजीला कामाला लागल्या. मी गावातच राहिले. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा नुकतीच एक संस्था उभी राहत होती. तिला हिशेब लिहायला आणि कागद सांभाळायला माणूस हवं होतं. मानधन महिन्याला आठ हजार. गावाला वाचनालय हवं होतं, मुलांना अभ्यासाला जागा हवी होती, बायकांना शिवणाची यंत्रं ठेवायला खोली हवी होती. त्यासाठी पैसे उभे करायचे, हे माझं काम. आता त्याला सहा वर्षं झाली. आसपासच्या गावांतली मुलं-मुली अशाच कामात शिरताना मला फोन करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "देणगी कुणाकडे मागायची?" त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

पावतीपुस्तक छापण्याआधी एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा वाचायला शिका. हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण आमचं पहिलं वर्ष ह्याच चुकीत गेलं. देवळाजवळ एका आजोबांची भाटातली, म्हणजे बागायतीतली, जागा होती. त्यांनी बैठकीत उभं राहून ती संस्थेला देऊ केली. माणूस दिलदार, शब्दाचा पक्का. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही दुसऱ्याच रविवारी घरोघर वर्गणी सुरू केली. सर्व्हे नंबर घालून उतारा काढला तो दोन महिन्यांनी. कब्जेदार म्हणून त्यावर अजून आजोबांच्या वडिलांचं नाव होतं. वडील वारून तीसेक वर्षं झालेली, भाऊ तिघे, त्यांतला एक मुंबईला, आणि वाटणी कधी झालेलीच नाही.

गोव्यात ही गाठ जास्त घट्ट असते. इथे लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक असते, म्हणून जमीन द्यायची तर बायकोचीही सही लागते. मुलंबाळं असली तर माणसाला आपल्या हिश्श्यातलं अर्धंच स्वतःच्या मर्जीने देता येतं, उरलेलं अर्धं वारसांचं. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले हे नियम आज २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आहेत. वडिलांच्या नावावरची जमीन भावांत वाटायची आणि एकमत होत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्ता ठरवून वाटणी, करावी लागते. ती सहा महिन्यांतही आटपते आणि दहा वर्षंही चालते. शिवाय उताऱ्यावर कुळाचं नाव आहे का, इतर हक्कांत काही नोंद आहे का, तिथे कुणा मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर आहे का, हेही बघायचं. जमीन नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर उतारा घरबसल्या दिसतो, पण तो वाचून दाखवायला तालुक्यातला एखादा जुना दस्तलेखक किंवा निवृत्त तलाठी गाठा. मला अशा एका काकांनी चार दुपारी बसवून शिकवलं. कॉलेजच्या तीन वर्षांत शिकले नाही ते तिथे शिकले.

आजोबांचं मन आम्ही दुखावलं नाही. पण त्या जागेसाठी गोळा केलेली वर्गणी हातात होती. ती दुसऱ्या जागेला वापरायची तर पुन्हा प्रत्येक घरी जाऊन विचारणं भाग होतं. गेलो. दोन घरांनी पैसे परत मागितले, आम्ही दिले. बाकीच्यांनी पावतीच्या मागे लिहून दिलं की चालेल. तेव्हा मला फार लाज वाटली होती. आज वाटतं, गावाचा विश्वास आम्हाला मिळाला तो त्या दुसऱ्या फेरीत.

मग बंद पडलेल्या मराठी प्राथमिक शाळेकडे लक्ष गेलं. पटसंख्या घटल्याने गोव्यात अशा कितीतरी सरकारी शाळा बंद झाल्या, इमारती रिकाम्या पडल्या. आमची शाळाही तशीच, चिऱ्यांच्या भिंती धड आणि नळ्यांचं छप्पर मोडलेलं. ती इमारत सरकारची. ग्रामसभेचा ठराव, पंचायतीचं पत्र, शिक्षण खात्याकडे अर्ज, अशी दीड वर्षाची पायपीट करून ती ठरावीक वर्षांच्या कराराने मिळाली. मालकी सरकारची, वापर आमचा. दुसऱ्याच्या इमारतीवर पैसे घालताना करार किती वर्षांचा आहे ते बघून तेवढ्यात वसूल होईल एवढाच खर्च करा. आम्ही छप्पर, वीज आणि संडास केलं, नवा मजला चढवायचा मोह टाळला.

संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदवायची, ह्यावर गावात बरेच महिने वाद झाला. इथे एक सावधगिरी. मराठीतल्या बहुतेक मार्गदर्शिका महाराष्ट्र समोर ठेवून लिहिलेल्या असतात. तिथला १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा आणि धर्मादाय आयुक्त गोव्यात नाहीत. इकडे बहुतेक मंडळं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असतात, लोक तोंडाने त्यांना ट्रस्ट म्हणोत की मंडळ. आम्हीही तेच केलं, कारण त्यात सभासद असतात, ते समिती निवडतात आणि बदलतातही. न्यासपत्र केलं असतं तर विश्वस्त म्हणून पाच मोठी नावं कायमची बसली असती. ह्या कायद्यातली आणखी एक तरतूद मला आवडते. संस्था मोडायची तर तीन पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि मोडली तरी उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. वृद्ध देणगीदारांना हे समजावून सांगा. "उद्या तुम्हीच विकून खाल," ही त्यांची भीती खरी असते आणि तिला कायद्यातच उत्तर आहे.

गावाने मिळून मालकी सांभाळणं गोव्याला नवीन नाही. गावकरी ही गावाची सामाईक संस्था, पोर्तुगीज जिला कोमुनिदाद म्हणत, शेतं पावणीला, म्हणजे लिलावाला, घालायची, बांध-तळी राखायची, देवळाचा आणि गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च भागवायची आणि उरलेल्यातून गावकारांना, म्हणजे आपल्या वंशपरंपरागत सभासदांना, झोण, म्हणजे नफ्याचा वाटा, द्यायची. कोमुनिदादींची संहिता १९६१ ची, मुक्तीच्या वर्षातली, आणि ती आजही लागू आहे. ह्या परंपरेचा मला अभिमान आहे. पण तिचं सभासदत्व मुलग्यांकडे जातं, मुलींकडे नाही, आणि बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरांना त्यात जागाच नव्हती. म्हणून आमच्या घटनेत आम्ही लिहिलं की पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेली कोणीही प्रौढ व्यक्ती सभासद होऊ शकेल आणि समितीत निम्म्या बायका असतील. बायकांचं कलम लिहिताना दोन बैठका मोडल्या. तुमच्याही मोडतील. तेवढ्यासाठी ते कलम सोडू नका.

मये गाव आमच्यापासून लांब नाही. तिथल्या जमिनी एका पोर्तुगीज सरदाराच्या, तो मुक्तीनंतर निघून गेला आणि गाव निर्वासित मालमत्ता, म्हणजे मालक देश सोडून गेलेली मालमत्ता, म्हणून सरकारी ताब्यात राहिला. माणसं ज्या घरात जन्मली त्या घराच्या जागेसाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडली, तेव्हा कुठे २०१४ साली विधानसभेने त्यासाठी कायदा केला. मालकी कागदावर कुणाची आहे ह्याकडे पंचायतीतला म्हातारा माणूस इतकं लक्ष का देतो, ते मयेत एकदा जाऊन आलात की कळेल.

आता पैशांचं. आमचा पट्टा खाणींचा. माझ्या लहानपणी जत्रेचा मांडव, नाटकाचे पडदे, उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर, सगळं खाणवाल्यांकडे मागायची पद्धत होती. एक पत्र लिहायचं, चेक यायचा. २०१२ साली खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या, आणि ट्रकवाले, मेकॅनिक, चहाची गाडी लावणारे सगळे एकदम उघड्यावर आले. त्याबरोबर मंडळांचे चेकही थांबले. गावाला स्वतःच्या खिशात हात घालायची सवयच उरली नव्हती. म्हणून मी ठरवलं की एकाच मोठ्या दात्याच्या पैशावर वाचनालय उभं करायचं नाही. मोठी देणगी घ्यायची, पण गावाची वर्गणी आधी आणि सगळ्या घरांची.

दर घरी महिन्याला पन्नास रुपये ठरले. काजूचा हंगाम असतो तेव्हा वर्षाचे एकदम देणारी घरं असतात, पावसात हात आखडतो, तेव्हा मागे लागायचं नाही. वर्गणीला बायकांनी जावं, जोडीने जावं, आणि आदल्या महिन्याच्या खर्चाचा कागद हातात असावा. "मागच्या महिन्यात काय केलंत?" ह्या प्रश्नाला कागदाने उत्तर द्यायचं. एका मावशीने सुरुवातीला दार लावून घेतलं होतं. चौथ्या महिन्यात तिने हिशेबाचा कागद मागून घेतला, सुनेकडून वाचून घेतला आणि विजेचं बिल जास्त का आलं म्हणून मला अर्धा तास धारेवर धरलं. त्या दिवसापासून ती आमची सगळ्यात पक्की वर्गणीदार आहे.

सगळ्यात जास्त पैसे आले ते पावणीतून. नवरात्रात देवळासमोर फळा-नारळांची पावणी होतेच. देवस्थानच्या महाजनांना, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्यांना, विनंती करून आम्ही एक दिवस वाचनालयासाठी मागून घेतला. कुणी नीरफणस आणला, कुणी केळ्यांचा घड, कुणी घरचा गूळ, एका मुलाने आपलं पाठ्यपुस्तक कव्हर घालून ठेवलं. त्या पुस्तकाची बोली दोन हजारांवर गेली. घेणाऱ्याने ते त्या मुलालाच परत दिलं. लोकांना उगाच नवे कार्यक्रम शिकवत बसू नका. गावाला द्यायच्या ज्या रीती ठाऊक आहेत, त्यांतूनच मागा. फक्त बोली तोंडी राहू देऊ नका. वही तिथेच उघडी ठेवा, नाव आणि आकडा मोठ्याने वाचा, सही घ्या.

परदेशातल्या गोंयकारांचा विषय नाजूक आहे आणि नवखे इथे हमखास अडकतात. आखातात कामाला असलेला, भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही, पासपोर्टची प्रत तेवढी फाइलला ठेवा. पण ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, तो आपल्याच वाड्यावरचा असला, दर चवथीला, गणपतीला, घरी येत असला, तरी कायद्याने परदेशी स्रोत आहे. त्याच्याकडून एक रुपया घ्यायलाही २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि नोंदणी मिळवायला संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि तेवढ्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. आमचा एक दादा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. त्याला नाही म्हणताना माझा घसा दाटून आला होता. "मी परका झालो काय गो बाय?" असं तो म्हणाला. त्या डिसेंबरात तो तीन आठवडे सुट्टीवर आला आणि रोज संध्याकाळी मुलांना संगणक शिकवला. श्रमाला कायदा आडवा येत नाही.

आयकराचं काम सीएकडून करून घ्या, पण तीन गोष्टी स्वतःला माहीत हव्यात. दोन हजारांवरची रोख देणगी दात्याला करसवलत मिळवून देत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय मागा. सवलतीची नोंदणी असेल तर वर्षभरातल्या देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं, तेव्हाच त्यांना प्रमाणपत्र मिळतं. आणि वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी कामावर खर्च व्हावेत असा नियम आहे. इमारतीसाठी चार वर्षं पैसे साठवायचे असतील तर दात्याकडून "कायम निधीसाठी" असं लेखी घ्या, नाहीतर साठवण्याचा हेतू आणि मुदत आयकर खात्याला आधी कळवा. आम्ही दुसऱ्या वर्षी हे विसरलो होतो. त्यावरचा पत्रव्यवहार निस्तरायला सगळा पावसाळा गेला.

कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दल थोडंच सांगते, कारण तो मिळाला तर मिळाला. संस्थेने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे आधी नोंदणी केलेली लागते. कंपनीला फोटो हवे असतात, ते द्या. भिंतीवर नाव हवं असतं, तेही एका पाटीपुरतं द्या. वाचनालयालाच त्यांचं नाव देण्याची अट आली तेव्हा आम्ही सभा बोलावली आणि सभेने नाही म्हटलं. पन्नास रुपयेवाल्या दीडशे घरांचं नाव आम्ही कुठे लिहिणार होतो?

पगाराबद्दल स्पष्ट बोलते. आज मला चौदा हजार मिळतात. पणजीत ह्याहून जास्त मिळालं असतं. पहिली तीन वर्षं मी संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. ज्यांच्या घरी कर्ज आहे त्यांनी हे काम अर्धवेळ धरावं, त्यात कमीपणा नाही. समितीकडून नेमणुकीचं पत्र मात्र पहिल्याच दिवशी घ्या. "गावची मुलगी आहे, करील," असं म्हणून राबवून घेणं गावातच सगळ्यात सोपं असतं.

शाळेच्या इमारतीचा करार यंदा संपतो आहे. नूतनीकरणाची फाइल घेऊन पर्वरीला, सरकारी कचेरीत, मी गेले नाही. विजेच्या बिलावरून भांडणाऱ्या त्या मावशी आणि शिवणवर्गातल्या एक वहिनी पहाटेच्या कदंबा बसने गेल्या, सोबत ग्रामसभेचा ठराव, सहा वर्षांचे हिशेब आणि डब्यात भाकरी. साहेब जेवायला गेले होते म्हणून दोन तास बाकावर बसल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा पोचपावती थेट माझ्या हातात न देता आधी त्यांनी वाचनालयाच्या आवक-जावक वहीत नोंद केली, नंबर घातला आणि मग मला म्हणाल्या, "आता फाइलला लाव."