आर्कन्सॉच्या रानात हिरे रोळताना

अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात मर्फ्रीझबरो गावाबाहेर क्रेटर ऑफ डायमंड्स स्टेट पार्क आहे. तिकीट काढायचं, सुमारे ३७ एकरांच्या नांगरलेल्या रानात हिरे शोधायचे आणि जो सापडेल तो, कितीही मोठा असो, आपला. १९०६ साली जॉन हडलस्टन या शेतकऱ्याला इथे पहिले हिरे मिळाले. १९७२ पासून हे राज्याचं उद्यान आहे. १९२४ मध्ये ४०.२३ कॅरटचा 'अंकल सॅम' हा हिरा इथेच निघाला. तुम्हाला मिळालाच तर काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा मिळेल. साऱ्या पर्यटकांना मिळून दिवसाला सरासरी एक-दोन हिरे सापडतात, तेव्हा किमान दोन मुक्काम धरून जावं. डॅलसकडच्या मराठी मंडळींना हे गाडीने साधारण चार तासांवर आहे.

उद्यानातच तंबूची सोय आहे. वीज-पाणी असलेल्या जागा ४७, आणि थोडं चालत जाऊन तंबू ठोकायच्या पाच. एकट्याने जाणाऱ्याने वीज-पाण्याची जागा घ्यावी, कारण संध्याकाळी बूट, कपडे, चाळण्या सगळं चिखलाने माखलेलं असतं. तंबूबाहेर ताडपत्री अंथरा, चिखलाचं काहीही आत नेऊ नका. रानात सावली जवळजवळ नाही, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी कामाला लागून दुपारी थांबावं. गोचिडी असतात, रोज रात्री घोटे, गुडघ्यांमागचा भाग आणि कंबर तपासा. वीज कडाडू लागली की उघड्या रानातून लगेच बाहेर पडा.

अवजारं हाताने चालवायचीच लागतात. मोटर किंवा बॅटरीवरच्या साधनांना बंदी आहे. छोटं फावडं, १९ लिटरच्या दोन बादल्या आणि दोन चाळण्या पुरतात: वरची पाव इंची जाळीची, खालची बारीक जाळीची. हे सगळं तिथे भाड्यानेही मिळतं. बादली काठोकाठ भरू नका. ओल्या मातीने ती तीस किलोच्या पुढे भरते आणि एकटं असल्यावर दुसऱ्या बाजूने धरायला कुणी नसतं.

नवखा माणूस खोल खणत सुटतो आणि दमतो. पावसाचं पाणी माती वाहून नेतं, जड खडी मात्र सखल चरांत साचत राहते. म्हणून पाणी जिथे वळतं किंवा मंदावतं, तिथली खडीमिश्रित माती घ्यावी. जोरदार पाऊस पडून ऊन पडलं, तर त्या दिवशी फावडं बाजूला ठेवून नुसतं हळूहळू चालावं. हिऱ्याला माती चिकटत नाही, धुतलेल्या जमिनीवर तो आपण होऊन चमकतो.

खरं काम धुण्याच्या मांडवात आहे. तांदूळ रोळताना खडे तळाशी बसतात ना, तीच युक्ती. फक्त इथे तळाशी बसतं तेच हवं असतं. हिरा त्याच आकाराच्या गारेपेक्षा (गारगोटीपेक्षा) जड: गारेचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, २.६५, हिऱ्याचं ३.५२.

एक चाळण दुसरीवर ठेवून माती पाण्यात धुवा. चिकणमातीचे गोळे बोटांनी फोडा. न फुटलेल्या गोळ्याबरोबर हिराही फेकला जातो. वरची जाडी खडी एकदा नजरेखालून घालून टाकून द्या. बारीक चाळणीत खडी निम्म्याहून कमीच ठेवा, नाहीतर दाण्यांना सरकायला जागा उरत नाही. आता चाळण पाण्यात सपाट धरून डावी-उजवीकडे छोटे हिसडे द्या, मग एकदोनदा वरखाली करा, पाव फेरा फिरवा, पुन्हा हिसडे. असं सात-आठ वेळा. चाळण कलली की जड दाणे मधे न येता एका कडेला जातात आणि सगळी मेहनत पाण्यात. शेवटी सपाट फळीवर एका झटक्यात उपडी करा. हलकी खडी कडेला आणि खाली जाते, जड गडद दाण्यांचा ठिपका वर मधोमध दिसतो. पाहायचं ते तिथे.

इथला हिरा अंगठीतल्यासारखा दिसत नाही. तो गुळगुळीत, गोलसर, तेल लावल्यासारखा तुकतुकीत असतो. पांढरा, तपकिरी किंवा पिवळा. टोकदार, काचेसारखं आरपार दिसणारं स्फटिक बहुधा गारच. हातोडीने ठोकून परीक्षा करू नका: हिरा कठीण असला तरी फटक्याने फुटतो. संशय येईल तो दाणा गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाका आणि उद्यानाच्या केंद्रात दाखवा. तिथले कर्मचारी फुकट ओळखून वजन करून देतात.

खणलेला खड्डा निघण्याआधी बुजवा. चाळलेली खडी माणशी रोज एक बादली नेता येते. ती घरी उन्हात खडखडीत वाळवून परातीत पातळ पसरा आणि चिमट्याने सावकाश निवडा.