शेळ्यांचा गोठा बिबट्यापासून कसा सुरक्षित करावा

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यात बिबट्याच्या माद्या उसातच वितात. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा, आत पाणी आणि सावली, बाहेर कुत्री आणि शेळ्या. त्यामुळे एखादा बिबट्या पिंजऱ्यात पकडून नेला तरी प्रश्न सुटत नाही, मोकळी जागा दुसरा धरतो. शेतकऱ्याच्या हातात असतो तो गोठा. पैसे घालायचे तर आधी तिथे घालावेत, दिवे-फटाके नंतर.

खालचं माप १२ ते १५ शेळ्यांसाठी, १२ × १६ फुटांच्या शेडचं आहे.

१. जोतं आणि भिंत. पाया दीड फूट खोल घ्या. जमिनीवर तीन फूट विटांची किंवा ब्लॉकची भिंत उचला. फक्त जाळी लावली तर बाहेरून पंजा घालून कडेला बसलेलं करडू ओढलं जातं. गोठा पूर्ण बंद करण्याच्या फंदात मात्र पडू नका. मूत्राचा उग्र वास आत कोंडतो आणि शेळ्या फुप्फुसाच्या आजाराने जातात. म्हणून खाली भिंत, वर जाळी.

२. जाळी. १० गेजची, दोन इंच चौकटीची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली जाळी घ्या. कोंबड्यांची षटकोनी जाळी बिबट्या फाडतो. चेनलिंकची, म्हणजे कुंपणाच्या विणलेल्या जाळीची, एक तार तुटली की पुढची वीण सुटत जाते. ४० × ४० × ५ मिमीचे लोखंडी अँगल दर चार फुटांवर उभे करा. जाळी अँगलच्या बाहेरच्या अंगाने लावा, म्हणजे बिबट्याने धडक दिली की ती अँगलवरच दाबली जाते. आतून लावलेली जाळी त्याच धडकेत सुटून आत येते. बांधायच्या तारेवर भागवू नका. जाळीवर लोखंडी पट्टी ठेवून दर फुटाला नट-बोल्ट मारा आणि खालची कड भिंतीवर सहा इंच उतरवून घट्ट करा.

३. छप्पर. चुका बहुतेक इथेच होतात. भिंती भक्कम, पण पत्रे नुसते दगड ठेवून दाबलेले. बिबट्या शेजारच्या झाडावरून किंवा कडब्याच्या गंजीवरून सहज वर येतो आणि पत्रा सरकवतो. सिमेंटचा पत्रा त्याच्या वजनाने फुटूही शकतो. लोखंडी पत्रा घ्या, तो जे-हुकने (J आकाराच्या आकडीच्या बोल्टने) छपराच्या पाइपला आवळा आणि पत्र्याखाली जाळीचा एक थर द्या. भिंत आणि पत्रा यांच्यामधली वाऱ्याची फटही जाळीने बंद करा. टेकलेल्या फांद्या छाटा, गंजी गोठ्यापासून बरीच लांब हलवा.

४. दार. चौकट लोखंडी हवी आणि दार बाहेर उघडणारं, म्हणजे बाहेरून ढकलल्यावर ते चौकटीवर घट्ट बसतं. वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या लावा. एकच मधली कडी असेल तर खालचा कोपरा वाकतो. दाराखाली तीन इंचांहून जास्त फट नको. दार रोज संध्याकाळी लावायला हवं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतोच. बिबट्या बंद जागेत शिरला की घाबरून पळणाऱ्या अनेक शेळ्या मारू शकतो, खातो त्यातली एखादीच.

५. परिसर. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी विष्ठेच्या नमुन्यांवरून केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणून कुत्रा रात्री ओट्यावर साखळीला बांधू नका, आत घ्या. मेलेली कोंबडी, गाय व्यायल्यावर पडलेली वार, मटणाचा कचरा उघड्यावर न टाकता खोल पुरा. गोठा आणि ऊस यांच्यात १५-२० फूट मोकळी पट्टी ठेवा. लुकलुकणारे सोलर दिवे काही दिवस उपयोगी पडतात, मग बिबट्या सरावतो. दर चार-पाच दिवसांनी दिव्यांची जागा बदलत राहा.

कोल्हा आणि मुंगूस याच गोठ्यातल्या कोंबड्यांवर टपलेले असतात. त्यांच्यासाठी खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी आणि खाली फरशी एवढं पुरतं.

काय करू नये: कुंपणात घरगुती वीज सोडू नका. त्यात बहुधा शेजारचा माणूस किंवा आपलीच गाय मरते, आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. बिबट्याने मारलेल्या जनावरावर विष टाकू नका. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं तर तुरुंगवास होतो. ऊसतोडीत बछडी सापडली तर उचलू नका, फोटोसाठीही नाही. तोड थांबवून वनरक्षकाला कळवा. आई बहुतेक वेळा रात्री येऊन नेते. बिबट्या गोठ्यातच अडकला असेल तर लोकांना लांब ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.

शेळी मेलीच तर ती जागेवरून हलवू नका. फोटो काढा, ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडा. शेळ्यांच्या कानात टॅग आधीच मारून घेतलेला असावा, भरपाईच्या अर्जात त्याचा क्रमांक विचारतात. मेलेली शेळी पंचनाम्याआधी ओढ्यात फेकली की दावा तिथेच अडतो.