वेगवान इंग्रजीतील फ्रेझल व्हर्ब कानाने कसे ओळखावे

सोलापुरातून परदेशी टॉवेल पाठवणाऱ्या कार्यालयात सायंकाळी साडेसातला फोन वाजतो, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ऋतूप्रमाणे सकाळचे ९ किंवा १० वाजलेले असतात. पलीकडचा ग्राहक माल 'हेल्ड अप' झाल्याचे, म्हणजे अडकल्याचे सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र 'हेल्प' ऐकू येते आणि तो मदतीचे आश्वासन देऊन मोकळा होतो. 'हेल्ड अप' या फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे क्रियापद आणि 'अप'सारखा छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देणाऱ्या जोडीचा, अर्थ त्याला ठाऊक नसतो असे नाही. अडचण अशी की पुस्तकात सुटी पाहिलेली अक्षरे बोलण्यात एकमेकांना चिकटलेली असतात.

ही चिकटण्याची रीत आधी समजून घ्यावी. आधीच्या शब्दाचे शेवटचे व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन मिळते, अमेरिकन उच्चारात दोन स्वरांमधला 'ट' मऊ होऊन 'ड'जवळ येतो, आणि 'हिम', 'हर' यांतला 'ह' बहुधा गळतो. त्यामुळे 'पुट इट ऑफ' हे 'पुडिडॉफ' होते आणि 'कॉल हिम अप' हे 'कॉलिमप'. यात बोलणाऱ्याचा निष्काळजीपणा नाही. आपणही 'काय करलालास' म्हणतो आणि 'करायला लागलास' यातली गळलेली अक्षरे कोणत्याही सोलापूरकराला शोधावी लागत नाहीत.

माझ्या मते सर्वांत उपयोगी खूण आघाताची, म्हणजे शब्दावर दिलेल्या जोराची आहे. 'लुक अॅट इट' मध्ये 'अॅट' दबून जातो, परंतु 'लुक इट अप' मध्ये 'अप' ठळक उमटतो. म्हणून मूळ क्रियापद निसटले तरी चालेल, पण 'अप', 'ऑफ', 'आउट' यांवर कान ठेवावा. 'कॉल अप' म्हणजे फोन करणे आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे, हा सारा फरक त्या शेवटच्या शब्दातच आहे.

सरावासाठी दहा-पंधरा सेकंदांचे संभाषण पुरते, मात्र त्याची उपशीर्षके माणसाने लिहिलेली असावीत, कारण यंत्राने तयार केलेली उपशीर्षकेही याच जागी चुकू शकतात. प्रथम मजकूर न पाहता, जसे ऐकू येईल तसे देवनागरीत लिहावे. 'फाइन्डाउट' असे सलग लिहिता येणे ही आपल्या लिपीची मोठी सोय आहे. नंतर उपशीर्षकांशी ताडून पाहावे, आणि चुकलेला तुकडा वक्त्याच्या लयीत, न तोडता, मोठ्याने म्हणावा. ध्वनिफितीचा वेग कमी करायचा असल्यास मूळ वेगाच्या ०.७५ पट पुरे.

काही जागी मात्र केवळ कानाने निर्णय होत नाही. अमेरिकन बोलण्यात 'सॉर्ट इट आउट' आणि 'सॉर्टेड आउट' हे दोन्ही जवळजवळ 'सॉर्डिडाउट' असेच ऐकू येतात. आधी 'विल' असेल तर काम व्हायचे आहे आणि 'हॅव' असेल तर ते झालेले आहे, आणि हे 'विल', 'हॅव'सुद्धा आखडून बोलले जातात, म्हणून वाक्याच्या सुरुवातीकडे विशेष लक्ष असावे.

एवढे करूनही शंका उरली तर 'पार्डन?' म्हणून थांबू नये, कारण समोरचा बहुधा तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो. आपण समजलेला अर्थ दुसऱ्या क्रियापदात मांडून विचारावा: 'सो, यू आर पोस्टपोनिंग द ऑर्डर, नॉट कॅन्सलिंग इट?' उत्तर मिळाल्यावर नवी तारीखही त्याच फोनवर विचारून घ्यावी.