पेव्हर ब्लॉकखाली झाडाच्या मुळ्यांना जागा कशी ठेवायची

आमचा धंदाच पेव्हर ब्लॉकचा, लातूरला, त्यामुळं झाडाच्या गळ्यापर्यंत ब्लॉक बसवून पैसे मोजून घेणाऱ्यांपैकी मी पण एक आहे हे आधीच सांगून टाकतो. घरासमोरच्या कडुलिंबाला पण मीच तसं केलं होतं. बुंध्याभोवती वीतभर जागा सोडली, बाकी सगळं चकाचक. चार उन्हाळे गेले आणि लिंबाचे शेंडे वाळायला लागले, पानं बारीक पडायला लागली, आणि बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर ब्लॉकची एक ओळ अशी वर आली की आईला दोनदा ठेच लागली. मिस्त्री म्हणाला, दादा, मूळ तोडून टाकू, परत सपाट होतंय बगा. म्हटलं आधी उघडून तर बघू.

ब्लॉक काढले तर खाली मुळ्यांची चटईच विणलेली, आणि मुळ्या गोल नाहीत, लाटून काढल्यासारख्या चपट्या. झिगझॅग ब्लॉकचे सांधे जसे वळत गेले होते तशाच बारीक मुळ्या पण वळत गेल्या होत्या, ब्लॉक उचलला तरी खाली त्याचा छापा तसाच. त्या चटईच्या खाली दाबलेला मुरूम, त्यात एकही मूळ नाही, पहार मारली तर खण्णकन आवाज.

तेव्हा डोक्यात उजेड पडला की मूळ ब्लॉक उचलायला वर येत नाही, त्याला खाली जाताच येत नाही. आपण ब्लॉकच्या आधी मुरूम टाकतो, पाणी मारतो, रोलर फिरवतो, आणि हे सगळं बरोबरच आहे, नाहीतर गाडी चढली की ब्लॉक बसणार, पण त्या दाबण्यात मातीतल्या पोकळ्या जातात, पोकळ्या गेल्या की हवा गेली, आणि मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. मग ब्लॉकच्या बुडाला जिथं थोडी ओल साठते आणि सांध्यातून हवा येते त्या वाळूच्या दोन इंचात सगळ्या मुळ्या गोळा होतात, जाड होतात आणि ब्लॉक उचलतात. झाडाच्या बहुतेक मुळ्या तशाही वरच्या दोन-अडीच फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत जातात. झाड जेवढं वर तेवढं खाली हे आपल्याकडं सगळे म्हणतात, पण ते खरं नाही.

आता आपल्याकडची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, एप्रिलात भेगा अशा की हात जातो. त्यामुळं काळ्या मातीवर नीट बेस न करता टाकलेले ब्लॉक झाड नसलं तरी वरखाली होतातच, आणि बोल मात्र झाडाला लागतो. ब्लॉक उचलला म्हणून कुऱ्हाड काढायच्या आधी एवढं बघा की उंचवटा मुळाच्या रेषेत आहे का सगळीकडं पसरट आहे. पसरट असला तर झाडाचा काही संबंध नाही, बेसचं काम कच्चं झालंय.

उपाय समजायला एक बादली घ्या. वीस लिटरची बादली 40 एमएमच्या गिट्टीनं काठोकाठ भरा, मग मगानं पाणी ओतत जा. सात-आठ लिटर पाणी आरामात बसतं. म्हणजे गिट्टी कितीही दाबली तरी दगडाला दगड टेकतो, वजन दगड उचलतात आणि मधली जागा रिकामीच राहते. त्या रिकाम्या जागेत माती सैल भरायची, वरून गाडी गेली तरी ती माती दाबली जात नाही, आणि मूळ त्यातून फिरतं. सगळी युक्ती एवढीच आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं 1990 च्या दशकात हे मिश्रण बसवलं, वजनानं 80 टक्के दगड आणि 20 टक्के माती, आणि माती दगडाला चिकटून राहावी म्हणून जरासं हायड्रोजेल, म्हणजे पाण्यानं फुगून चिकट होणारी पावडर. स्टॉकहोम शहरात याहून मोठे दगड वापरतात, 100 ते 150 एमएमचे, ते आधी रचून दाबतात आणि मग नळीच्या पाण्यानं माती वरून धुवून पोकळीत सोडतात. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण हे तर आपलं डबर सोलिंग, रस्त्याखाली मोठे दगड रचून दाबतात ते, आपला कुठलाही रस्त्याचा मजूर डोळे झाकून करतो, फक्त आपण वरून मुरूम ठासतो आणि ते माती सोडतात. बाहेरदेशी प्लॅस्टिकचे तयार सांगाडे पण मिळतात, त्यावर फरशी आणि आत निव्वळ माती, चीज एक नंबर आहे पण आपल्या खिशाचं काम नाही.

किती जागा लागते याचा हिशोब ब्रासमध्ये करा, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. झाड मोठं झाल्यावर सावली जेवढ्या चौरस फुटांची पडेल तेवढे घनफूट माती कमीत कमी, आणि आपल्यासारख्या कोरड्या भागात दुप्पट धरलेली बरी. वीस फूट व्यासाची गोल सावली म्हणजे 314 चौरस फूट, म्हणजे तीन ते सहा ब्रास माती. आणि आपण देतो काय, तीन बाय तीन बाय तीनचा खड्डा, 27 घनफूट, पाव ब्रासच्या थोडंसं वर! त्यात लिंब वीस वर्षं कसा काढेल. वर आणखी एक गोष्ट, गिट्टीच्या मिश्रणात माती पाचवा हिस्साच असते त्यामुळं एक ब्रास मिश्रण म्हणजे एक ब्रास माती असं धरू नका. मिश्रणाचा खरा उपयोग वाट म्हणून. ब्लॉकच्या खालून चर काढायचा आणि तो कंपाउंडच्या आतल्या बागेपर्यंत, नाहीतर शेजारच्या मोकळ्या प्लॉटच्या मातीपर्यंत न्यायचा, आपली परवानगी असेल तिथंच अर्थात. मूळ त्या वाटेनं जाऊन मोकळ्या मातीत पसरतं. रांगेत चार झाडं असतील तर चार खड्डे वेगळे ठेवू नका, एकच सलग चर करा, एकमेकांची जागा वापरतात.

आता नवीन काम असेल तर. चर चार फूट रुंद, अडीच ते तीन फूट खोल, लांबी जेवढी जमेल तेवढी. खोदताना केबल आणि पाण्याची लाईन कुठून गेलीय हे आधी विचारून घ्या, मी एकदा विचारलं नव्हतं आणि अख्ख्या गल्लीचं पाणी दोन दिवस बंद होतं, लई शिव्या खाल्ल्या. खोदून झालं की तळाशी एक फुटाचा खड्डा करून त्यात पाणी भरा, ते जिरू द्या, परत भरा आणि तासाभरानं मोजा. इंचभर उतरलं तर ठीक, अर्धा इंच पण उतरलं नाही तर तुमचा चर पावसाळ्यात हौद होणार आहे, काळ्या मातीत हे हमखास होतं. मग तळाला उतार देऊन 4 इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप टाकायचा आणि तो नालीला काढायचा. मुळं पाण्यात आठवडेच्या आठवडे बुडाली तर गुदमरतात, आणि लोक म्हणतात एवढं पाणी असून झाड वाळलं कसं.

मिश्रणाला क्रशरवरून 40 एमएम गिट्टी आणा, एकाच साइजची, आणि गाडी भरतानाच सांगा की डस्ट, म्हणजे दगडाची पूड, नको. डस्ट आली की तीच पोकळीत बसते आणि सगळं मुसळ केरात. आलेली असली तर धुवून घ्या. आपली गिट्टी काळ्या पाषाणाची असते ते एका परीनं बरंय, चुनखडीचा दगड असता तर मातीतला चुना आणखी वाढला असता आणि आपली जमीन आधीच त्या बाबतीत श्रीमंत आहे. माती म्हणाल तर पोयट्याची घ्या. निव्वळ काळी नको, ती फुगते, आणि निव्वळ वाळूसारखी पण नको, ती दगडाला चिकटत नाही आणि पाणी धरत नाही. काळीच हाताशी असेल तर निम्मी पोयटा मिसळा. शेणखत चांगलं कुजलेलं आणि थोडंच, कारण ते पुढं कुजून आकसतं आणि वरचं बसतं. मोकळ्या खड्ड्यात पाहिजे तेवढं टाका, ब्लॉकखाली हात आखडता.

प्रमाण घमेल्यानं, दहा घमेली गिट्टीला तीन घमेली माती. गिट्टी ताडपत्रीवर पसरायची, पाणी शिंपडून नुसती ओली करायची, पाणी साठेल एवढी नाही, मग माती भुरभुरवत फावड्यानं उलटत राहायचं. झालं का हे कसं कळतं तर एक दगड उचलून बघा, पेढ्याला साखर लावल्यासारखी माती त्याला सगळीकडून लागलेली पाहिजे. ताडपत्रीवर माती नुसती सुटी पडून राहिली तर माती जास्त झाली, गिट्टी वाढवा. इथं मजूर हमखास म्हणतात, झाडाला माती जास्त असलेली बरी की हो. नाही. माती जास्त झाली की दगडाला दगड टेकत नाही, मग वजन मातीवर येतं आणि आपण जिथून निघालो तिथंच परत. हे मिश्रण सहा-सहा इंचांचे थर देऊन भरायचं आणि प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर दाबायचं मशीन, फिरवायचा, बिनधास्त, दगडच दाबले जाणार आहेत. मिश्रण पावसात उघडं ठेवू नका, माती धुवून तळाला जाते.

भरता भरता प्रत्येक आठ-दहा फुटांवर 4 इंची छिद्राचा पाइप उभा लावा, खाली तळाच्या वीतभर वरपर्यंत, वर ब्लॉकच्या लेव्हलला. हवा पण यातूनच आणि पाणी पण यातूनच. आपल्याकडं पाऊस वर्षाला साधारण 700 मिलिमीटरच्या आसपास, तो पण चार महिन्यांत, आणि ब्लॉकवरून तो नालीत पळतो. छताचं पाणी जर या चराकडं वळवता आलं तर हजार चौरस फुटांच्या छतावरून वर्षाला साठ हजार लिटरच्या वर हिशोब निघतो. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेल्या गावाला हा आकडा जास्त समजावून सांगायला नको. पहिल्या पावसाचं पाणी मात्र बाहेर सोडा, त्यात छताची सगळी घाण असते.

चर भरला की मिश्रणावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, ते पाणी जाऊ देतं पण वाळू अडवतं. हे वाचवायला जाऊ नका. कापड नसलं तर ब्लॉकखालची वाळू एकेका पावसात गिट्टीच्या पोकळीत उतरते आणि वर्षाच्या आत ब्लॉक हलायला लागतात, मग सगळे म्हणणार बघा, झाडामुळं झालं. कापडावर नेहमीसारखी वाळू आणि वर ब्लॉक. सांध्यात सिमेंट अजिबात नाही, सांध्यात मावेल एवढी बारीक खडी भरा म्हणजे पाणी खाली जातं. आपल्या जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी आठवा, सांधे नुसते मातीनं भरलेले असायचे आणि अंगणातला लिंब मजेत असायचा.

बुंध्यापासून सगळ्या बाजूंनी सव्वातीन फूट, म्हणजे एक मीटर तरी मोकळं. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबद्दल आदेश दिला होता की बुंध्यापासून एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा, तोच हिशोब इथं लावा. आणि बुंध्याला माती चढवू नका. खोड जिथं रुंद होऊन जमिनीत शिरतं तो भाग डोळ्याला दिसला पाहिजे. नवा ओटा बांधून आत दोन फूट माती भरतात ना, शोभेला, त्यात खोडाची साल कायम ओली राहते आणि सडते.

जुनं झाड असेल, आधीच ब्लॉकमध्ये अडकलेलं, तर वेगळं. हे काम मृगाचा पाऊस पडल्यावर काढा, भर मे महिन्यात नको, उघडी मुळं दोन तासांत वाळतात. तरी उघडी पडली तर ओलं गोणपाट टाका. जेसीबी लांब ठेवा. पहार पण बेतानं, मुरूम पाण्यानं भिजवून रात्रभर ठेवला की सकाळी छोट्या टिकावानं निघतो. बुंध्याजवळची जागा मोकळी करा, मग पाच फुटांपासून पुढं सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखे चार-पाच चर काढा, फूटभर रुंद, दीड फूट खोल, मोठी मुळी लागली तर तिच्या बाजूनं वळा. गाडी येत नसेल तर त्यात चांगली माती आणि खत, गाडी येत असेल तर वरचंच गिट्टीचं मिश्रण. बुंध्याच्या जाडीच्या पाचपट अंतराच्या आत मूळ तोडू नका, तिथल्या मुळ्यांवरच झाड उभं असतं, आणि वादळात पडलं तर कोणाच्या तरी गाडीवर पडणार. झाडच काढायचा विचार असेल तर शहरात 1975 च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, ती आधी.

उचललेल्या ब्लॉकखालचं मूळ छाटण्यापेक्षा तेवढा भाग हलकासा उताराचा करून परत बसवा, खाली 20 एमएमची बिनडस्ट खडी टाकून. त्या खडीत ओल टिकत नाही त्यामुळं मूळ तिथं थांबत नाही, खालची वाट धरतं, पण खाली वाट असली पाहिजे, दाबलेला मुरूम असेल तर ते परत वरच येणार.

माझ्या लिंबाला असे चार चर काढले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पानं नेहमीच्या मापाची आली, वाळलेले शेंडे मात्र कापावेच लागले. एक सांगायचं राहिलं, उभ्या पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी स्क्रूनं बसवा. मी नुसतं झाकण ठेवलं होतं, ते आठवड्यात गेलं आणि महिन्याभरात पाइप गुटख्याच्या पुड्यांनी तोंडापर्यंत भरला, तार वाकवून एकेक काढत बसलो.