जुन्या गाडीचे मोनोग्राम आणि नट-बोल्ट: या चुका टाळा, आणि आधी ड्रिल खाली ठेवा

जुनी गाडी उभी करताना लोक इंजिनावर महिनोन् महिने घालवतात, पेंटरच्या मागे लागून रंगाची छटा बदलून घेतात आणि मोनोग्राम, म्हणजे गाडीच्या नावाचा बिल्ला, मात्र रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत बसवून टाकू म्हणतात. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर बॉनेटला किंवा डिकीला फोड घेऊन माझ्या शेडमध्ये आल्या, त्यातल्या बहुतेकींचं दुखणं याच घाईतलं. मोनोग्राम दिसायला दागिना असेल, पण त्याच्या मागे पत्र्याला आरपार भोक आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने खाडीची खारी हवा. त्या भोकाकडे दुर्लक्ष केलं की ते स्वतःच लक्ष वेधून घेतं.

पेंट झाल्यावर मोनोग्राम हातात घेणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. डुप्लिकेट मोनोग्राम जुन्या भोकांत बसेलच असं धरून चालायचं नसतं. पुष्कळदा साचा एखाद्या जुन्या मोनोग्रामवरूनच घेतलेला असतो. ओतलेला धातू थंड होताना थोडा आकसतो, त्यामुळे नवा तुकडा मूळ तुकड्यापेक्षा किंचित आखूड निघतो. छोट्या गोल बिल्ल्यात ते कळत नाही. नावाच्या लांब पट्टीत मात्र मागच्या दोन टोकांच्या खुंट्यांमध्ये मिलिमीटरभर फरक सहज पडतो, आणि भोकाला तेवढा पुरतो.

ऐरोलीचा एक मुलगा आजोबांची ऐंशीच्या दशकातली पद्मिनी घेऊन आला होता. त्याचं ऐका. गाडी एका गॅरेजमध्ये रंगवून घेतलेली, रंग खरोखर सुरेख. पेंटरने काय केलं होतं, तर डिकीवरची मोनोग्रामची जुनी भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवून टाकली होती. पृष्ठभाग सपाट, काम सोपं. मुलाने कुर्ल्याहून डुप्लिकेट मोनोग्राम आणला, शिंप्याच्या टेपने अंतर मोजलं आणि थेट ड्रिल लावलं. पंच मारलेला नव्हता, म्हणून बिट घसरून रंगावर ओरखडा. पहिलं भोक नेमकं आतल्या चौकटीवर आलं, तिथे नट लावायला बोटच जाईना. दुसरं तिरकं गेलं. तिसरं जमलं. पहिली दोन आणि ओरखडा मोनोग्रामखाली झाकले गेले, म्हणून स्वारी खूश. हे सगळं एप्रिलमध्ये.

गणपतीच्या सुमारास फोन आला, "काका, मोनोग्रामच्या खाली रंग फुगलाय, जरा बघता का?"

मोनोग्राम काढला तर भोकांच्या कडा तांबड्या, उघड्या. प्रायमरचं बोट कुणी लावलेलं नाही. जुन्या भोकांतली लांबी पाणी पिऊन फुगलेली, कारण लांबी हा पत्रा नाही, ती पाणी शोषते. डिकीत स्टेपनीखाली गंजाचं पाणी साचलेलं. शेवटी झाकण पत्र्यापर्यंत खरवडलं, सगळी भोकं वेल्डने बंद केली आणि झाकण पुन्हा रंगवलं. नव्या रंगाची छटा शेजारच्या मडगार्डांशी जुळेना, म्हणून तीही ओढली गेली. मोनोग्राम शेकड्यांतला, बिल हजारांतलं. त्याला ओरडलो नाही. रील बघून काम शिकलेल्यांना ओरडून उपयोग नसतो, ते पुढची रील बघतात.

माझी सवय अशी. गाडी पेंटला जाण्याआधी, पत्रा उघडा असतानाच प्रत्येक मोनोग्राम बसवून बघायचा. आतून बॅटरीचा उजेड टाकला की बुजवलेली भोकंही सापडतात. पत्र्यावर मास्किंग टेप लावायची, मोनोग्रामच्या खुंट्यांना थोडी शाई लावून तो टेपवर दाबायचा, की खुणा आपोआप उमटतात. फरक मिलिमीटरभर असेल तर बारीक गोल कानशीने भोक लांबट करायचं. जास्त असेल तर जुनं भोक वेल्डने बंद करून नवं पाडायचं. खुंटी वाकवून जुळवायचा प्रयत्न करू नका. ती जस्ताच्या मिश्रधातूची असते, वाकण्याऐवजी तुटते.

पेंट झाल्यावर भोकाच्या कडेला ब्रशने इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. मग खुंटीभोवती ब्युटाइलची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबराची, बारीक वात. ताज्या पेंटवर लगेच मोनोग्राम आवळलात तर त्याची कड रंगात रुतून कायमची उमटते. पावसाळी हवेत तर आणखी थांबा. गाडी एवढी वर्षं थांबली आहे, तुमच्या इन्स्टाग्रामसाठी पंधरा दिवस थांबेल.

आवळून आवळून खुंटी तोडणं

मोनोग्रामच्या मागची खुंटी बहुधा साधी, आटे नसलेली असते. तिच्यावर बसतो तो पातळ स्प्रिंगच्या पत्र्याचा नट, आणि तोच फिरता फिरता खुंटीवर आटे पाडतो. त्याला बोल्टसारखा जोर नको. रबर किंवा ब्युटाइल जरासं दबलं की थांबा. सगळे नट आधी हाताने टेकवायचे, मग आळीपाळीने थोडे थोडे. नट आवळायला हवेची गन वापरणाऱ्याला मी मोनोग्रामच्या जवळ उभा राहू देत नाही. नट घेण्याआधी खुंटी व्हर्नियरने मोजा. डुप्लिकेटमध्ये ती कधी जाड, कधी बारीक असते, आणि दुकानदार "सगळ्यांना चालतो" म्हणेल.

खुंटी तुटलीच तर मोनोग्रामची ती जागा जाड आहे का बघा. असेल तर 2.5 मिमीचं भोक पाडून एम-3 चा टॅप मारायचा, म्हणजे आत आटे पाडायचे, आणि छोटा स्टड इपॉक्सीने बसवायचा. ड्रिलच्या बिटवर टेपची खूण करायला विसरू नका, नाहीतर बिट क्रोमच्या बाजूने बाहेर येतं. जागा पातळ असेल तर दुसरा मोनोग्राम घ्या.

सूत आणि मिलिमीटर एका डब्यात

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट, घराणं इटालियन, आटे मेट्रिक. अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, तिच्या जुन्या गाड्यांवर इंची बारीक आटे, म्हणजे युएनएफ. त्यात 1992 नंतरच्या इसुझू इंजिनवाल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये इंजिनाचे आटे मेट्रिक. मग एकाच गाडीसमोर दोन्ही पेट्या उघडाव्या लागतात. अशा वेळी "जवळपास बसतोय" हा शब्दप्रयोग माझ्या शेडमध्ये बंद आहे.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुती बोल्ट 7.94 मिमीचा, एम-8 आठ मिमीचा. डोळ्यांना सारखेच. पण अडीच सुती युएनएफला इंचाला 24 आटे, आणि साध्या एम-8 ला 1.25 मिमीची पीच (दोन आट्यांमधलं अंतर), म्हणजे इंचाला साधारण 20. दोन फेरे आत जातो, मग अडतो. इथे समजूतदार माणूस बोल्ट बाहेर काढतो. पाचपाखाडीतल्या एका अ‍ॅम्बेसेडरच्या मडगार्डवर ज्याने हात चालवला होता, त्याने पान्ह्याला पाइप लावला होता. आतला वेल्ड केलेला नट सुटून बोल्टबरोबर गोल फिरायला लागला. मागून हात घालायला जागा नाही, पुढून काही निघत नाही. शेवटी पत्रा कापून नट काढावा लागला, आणि मडगार्डचा तो कोपरा पुन्हा घडवावा लागला. मालक म्हणाले, "अहो, बोल्ट तर वीस रुपयांचा होता." होताच ना. नागदेवी स्ट्रीटला जाऊन बरोबर आट्यांचा घेतला असता तरी फार तर आणखी वीस गेले असते.

आटे मोजायचा गेज घ्या, स्वस्त असतो. जुना नमुना खिशात घालून दुकानात जा आणि काउंटरवरच नट हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा. माझ्याकडे काढलेला प्रत्येक बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जातो, डब्यावर जागेचं नाव लिहिलेलं. सगळे बोल्ट एका बादलीत रॉकेलमध्ये बुडवणारे लोक असतात. त्यांनी मला "कुठला कुठे होता" असं विचारायला फोन करू नये.

बाकीच्या, थोडक्यात

चकाचक स्टेनलेस बोल्ट सगळीकडे नकोत. नेहमी मिळणाऱ्या ए2-70 ची ताकद 700 मेगापास्कल, 8.8 ग्रेडच्या पोलादी बोल्टची 800. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक यांना कंपनीने जो ग्रेड दिला तोच लावा. बाहेरच्या ट्रिमला स्टेनलेस चालतं, पण जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याला ते थेट टेकलं आणि मध्ये खारट ओल शिरली की तो मऊ धातू आधी खाल्ला जातो. नायलॉनचा वॉशर घाला.

ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, तो पत्र्याला लावू नका. वाळताना आम्ल सोडतो. न्यूट्रल मागा.

खुंट्या कापून दुहेरी टेपने मोनोग्राम चिकटवणं म्हणजे काय, ते मी लिहीत नाही, घरात लहान मुलं वाचतात.

प्लास्टिकवर चांदीसारखा मुलामा दिलेल्या स्वस्त मोनोग्रामला मेटल पॉलिश लावू नका, मुलामा कापडावर येतो. लोहचुंबकाने ओळखायला जाऊ नका, जस्त आणि पितळ त्यालाही चिकटत नाहीत. हातात वजन बघा.

आणि घेताना गाडीचं साल बघा. कुर्ल्याच्या कारखान्यातली 1964 ची फियाट म्हणजे डिलाइट, पद्मिनी हे नाव 1974 चं. अ‍ॅम्बेसेडर मार्क थ्री 1975 ची, मार्क फोर 1979 ची. 1977 च्या गाडीवर मार्क फोर लावून वाशीच्या एका मेळाव्यात एक गृहस्थ मोठ्या अभिमानाने उभे होते. मार्क थ्रीच्या मोनोग्रामची भोकं वेगळ्या अंतरावर निघाली म्हणून त्यांनी नवी पाडली होती, आणि जुनी कशाने बुजवली होती ते मी विचारलं नाही.