पोर मागे पडतंय असं वाटलं, तर निदानाची वाट बघू नका

भांडुपच्या टेकडीवरच्या चाळींत मी अंगणवाडी सेविका आहे. वजन करताना एखादी आई हळूच विचारते, "बाई, हा अजून बोलत नाही हो." मागून सासूबाई लगेच म्हणतात, "त्याचा बापपण उशिराच बोलला." बोलला असेल. पण तपासून घेण्यात काही जात नाही, थांबण्यात जातं. पहिल्या तीन वर्षांत मेंदू जसा भराभर घडतो तसा पुढे घडत नाही.

चौथा महिना संपला तरी मान धरत नाही, नवव्या महिन्यातही आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचं होऊन चालत नाही किंवा अर्थाचा एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही, यातलं काहीही असलं तर दाखवा. वर्षाचं पोर हाकेला वळत नसेल तरीही. दोन महिने आधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वयातून ते दोन महिने वजा करून मोजायचं.

दोन बाबतींत मात्र ओपीडीच्या दिवसाचीही वाट बघू नका. येत असलेले शब्द बंद झाले, किंवा झोपेतून उठल्यावर बाळ एकामागून एक दचकल्यासारखे झटके देतंय, तर लगेच डॉक्टर गाठा. झटके असतील तर त्याच दिवशी.

जायचं कुठे? आमच्या बाजूच्यांना सायन हॉस्पिटल सोपं, स्लो लोकलने थेट. केईएम आणि नायरही पालिकेचीच. बालरोग विभागात केसपेपर काढून "मुलाच्या वाढीचं दाखवायचंय" असं स्पष्ट सांगा, नाहीतर सर्दी-खोकल्याच्या रांगेत बसाल. बोलण्या-ऐकण्याचं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, हातापायांचं असेल तर हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन. दोन्ही केंद्र सरकारच्या. बोलत नसलेल्या मुलाची आधी कानाची तपासणी, म्हणजे बेरा टेस्ट, मागून घ्या. टाळी वाजवली की बघतो, एवढ्यावर कान ठीक आहेत असं धरू नका.

सोबत बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड न्या. वजन, लगेच रडलं का, काचेत ठेवलं होतं का, कावीळ, हे सगळं विचारतात. मोबाईलवर घरातला छोटा व्हिडिओ काढून ठेवा, कारण परक्या खोलीत पोर एकतर रडतं नाहीतर गप्प बसतं. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची यादी भरून घेतात, ऑटिझमची, म्हणजे इतरांशी बोलण्या-मिसळण्यातल्या अडचणीची, शंका आहे का ते बघायला. तिथे सासूसमोर लाज वाटते म्हणून "करतो, करतो" म्हणू नका. आणि पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

डॉक्टर कदाचित आजाराचं नाव लगेच सांगणार नाहीत. त्यावाचून थेरपी अडत नाही. अपंगत्वाचं सर्टिफिकेटही लागत नाही.

आता मुख्य काम. आठवड्यातून तासभराच्या थेरपीने पोर बोलायला लागत नाही. तो तास तुम्हाला शिकवायला असतो. म्हणून बाहेर बाकावर मोबाईल बघत बसू नका, आत जा, आणि घरी नेमकं काय करायचं ते विचारा. आमच्या इथे दहा बाय दहाच्या खोल्या. तरी पलंगाच्या कडेला उभं करून वर खेळणं ठेवता येतं, म्हणजे पोर पायांवर भार देऊन हात लांबवतं. बोलण्यासाठी बिस्किटाची पारदर्शक बरणी घ्या आणि झाकण घट्ट लावा. पोर बरणी घेऊन तुमच्याकडे आलं पाहिजे. आलं की त्याच्या डोळ्यांसमोर बसून एकच शब्द म्हणा, "उघड." मग गप्प राहा, मनात दहापर्यंत मोजा. हे गप्प राहणंच आयांना जमत नाही! त्याने नुसतं "उ" केलं, हात धरला, नजर दिली, तरी उघडा आणि अर्धंच बिस्किट द्या, म्हणजे पुन्हा मागायला येईल. आंघोळीला, कपडे घालताना, जिना उतरताना असंच. टीव्ही आणि मोबाईल तेवढा वेळ बंद. आजीला यात घ्या. तिच्याकडे वेळही असतो आणि गाणीही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत आहेत. विकासातली दिरंगाईही त्यातच येते. तुमच्या अंगणवाडीत विचारा.

पुढे अपंगत्व ठरलंच तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हातापायांवर ताबा न राहणं), बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही धरतात. त्यासाठी बिलं लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कागद तारखेप्रमाणे एकाच फाईलमध्ये लावा. झेरॉक्स वेगळ्या पिशवीत.